पाचवं शील आणि अफूची गोळी

निमगड्यांच्या घरात बैठक म्हटली की दोन तट पडणार, हे ठरलेलंच. मग बैठक शेताच्या धुऱ्याच्या, बांधाच्या भांडणाची असो नाहीतर कुणाच्या सोयरिकीची. या वेळी मात्र तंटाही हळू आवाजात करावा लागत होता, कारण ज्याच्याबद्दल बोलायचं तो माणूस भिंतीपलीकडे सपरीत, म्हणजे पडवीत, खाटेवर पडला होता आणि त्याचे कान अजून शाबूत होते.

देवाजींचा अर्धा जबडा कॅन्सरपायी नागपूरला काढून झाला होता. सुया झाल्या, शेक झाला, वर्षभर बरं गेलं. भाताच्या कापणीच्या वेळी ते मानेत परत उमटलं, हाडांत गेलं, आणि नागपूरच्या डॉक्टरनं आता घरी न्या म्हणून सांगितलं. घरी नेऊन करायचं काय, हे त्यानं सांगितलं नाही. तेव्हापासून मूल या तालुक्याच्या गावच्या दवाखान्यातल्या साध्या गोळ्यांवर गाडी चालली होती. त्या गोळ्या गुडघेदुखीला बऱ्या. हाड कुरतडणाऱ्या दुखण्याला त्यांचा काय उपयोग!

आता यातली गंमत ऐका. गंमत म्हणजे हसायची नव्हे. देवाजी म्हणजे पंचक्रोशीतला दारूबंदीवाला माणूस. छप्पन सालच्या दीक्षेला बापाच्या खांद्यावर बसून चांद्याला, आताच्या चंद्रपूरला, गेलेला, तेव्हापासून पंचशील पाठ. पाचवं शील, नशापाण्यापासून दूर राहण्याचं, ते तर त्यांनी गावाकडून मारूनमुटकून पाळून घेतलं. बायांना पुढे घालून मोहाच्या दारूचे हंडे फोडले, पोलिसपाटलाला उभं करून जाब विचारला. आणि या सगळ्या काळात त्यांच्या खिशात खर्रा होता. सकाळी एक, जेवल्यावर एक, सभेत बोलायला उठायच्या आधी एक. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून गालात धरायचा, याला या भागात नशा कोणी म्हणतच नाही. लग्नात म्हणू नका, मयतीत म्हणू नका, विहारातल्या सभेच्या पायरीवर म्हणू नका, खर्रा असायचाच. देवाजींनीही तो कधी पाचव्या शीलात धरला नाही. गाल सडला तो त्यानंच.

रिना त्यांची मुलगी. इंग्लंडात नर्स, तीही अशाच लोकांच्या दवाखान्यात, ज्यांचा रोग आता बरा व्हायचा नाही पण ज्यांना दुखू द्यायचं नाही. रजा काढून ती आली आणि आल्या आल्या बापाचा चेहरा पाहून कामाला लागली. मूलला विचारलं, चंद्रपूरला दुकानं पालथी घातली, गडचिरोलीला मैत्रिणीला पिटाळलं. सगळीकडे एकच उत्तर, ते आमच्याकडे ठेवत नाही ताई. शेवटी नागपूरला एक डॉक्टरीणबाई भेटल्या, त्यांनी सगळे कागद पाहिले, नीट समजावलं आणि गोळ्या लिहून दिल्या. मॉर्फिनच्या. पांढरी, बोटाच्या नखापेक्षा लहान गोळी.

आज सकाळी ती गोळी कुस्करून पाण्यात घालून रिना बापाजवळ बसली. देवाजींनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की हे कशाचं आहे. तोंड अर्धं राहिलेलं, बोलणं घरच्यांनाच समजे. रिनाला थाप मारता आली असती. पण रोग्याला खरं सांगायचं, हे तिच्या कामातच मुरलेलं. तिनं सांगून टाकलं की अफूपासून करतात बाबा, पण औषध आहे. देवाजींनी तोंड मिटून घेतलं ते मिटून घेतलं. मान हलवायलाही त्यांना त्रास व्हायचा, तरी त्यांनी ती हलवली.

म्हणून ही बैठक.

प्रफुल, मोठा मुलगा, रविवारचा चंद्रपूरहून आला होता. वीज कंपनीत नोकरी, घरात शब्दाला वजन. बापानं नाही म्हटलं याचा त्याला मनातून बराच आधार वाटला. त्याचं म्हणणं असं, की मॉर्फिन म्हणजे हात टेकले. ते दिलं की माणूस आठवड्यात जातो, सगळ्यांना माहीत आहे. त्यानं उद्या सकाळची अँब्युलन्स सांगून ठेवली होती. नागपूरला दुसरा एक मोठा दवाखाना आहे, तिथं दाखवू, भरती करू, काचेच्या खोलीत ठेवायचं म्हणाले तर ठेवू. गावानं म्हणता कामा नये की पोरं नोकरीवर आणि बाप खाटेवर मेला.

रिनाचं डोकं फिरलं. ती म्हणाली की माणूस गोळीनं जात नाही, रोगानं जातो, आणि गोळी शेवटच्या आठवड्यात मिळते म्हणून लोकांना वाटतं गोळीनंच गेला. तिनं तिच्या दवाखान्यातल्या युगांडाच्या एका नर्सबाईकडून ऐकलेलं सांगितलं. तो देश आपल्यापेक्षा गरीब. पण तिथं शिकलेली नर्स स्वतः हे औषध लिहून देते, पातळ करून बाटलीत मिळतं, लोक घरी घोट घोट घेतात आणि पोराबाळांत राहतात. आपल्याच देशात केरळात गावातली माणसं घरोघर जाऊन अशा रोग्यांचं पाहतात. आणि जगातले बहुतेक देश असे, की तिथं मरणाऱ्याला दुखलं तर कण्हण्यावाचून दुसरं काही मिळत नाही.

"अफू कुठी पिकते, दादा? आपल्याच देशात. मंदसौरकडे शेतंच्या शेतं आहेत. साऱ्या जगाले पुरवतो आपन. आनि माझ्या बापासाठी मले तीन गावं फिरा लागले," ती म्हणाली, आणि एवढं बोलून तिला रडू आलं. प्रफुलला बहिणीचं रडणं कधी सोसत नसे. तो भिंतीकडे बघत बसला, पण अँब्युलन्सचं त्यानं काही मागे घेतलं नाही.

कमलाबाई तिथंच होत्या. देवाजींची बायको, या दोघांची आई. बैठकीपायी ड्रेसिंग लांबलं होतं म्हणून उठल्या, पाणी कोमट केलं, आणि प्रफुलला म्हणाल्या की आज तू मान धर.

प्रफुलनं आजवर ड्रेसिंग पाहिलं नव्हतं. रविवारी तो यायचा तोवर ते झालेलं असायचं. त्यानं बापाची मान दोन्ही हातांत धरली, आईनं पट्टी सोडवायला घेतली, आणि देवाजींच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. शेजारच्या अंगणातली बाई धान पाखडायची थांबली. देवाजींनी पोराचं मनगट धरलं होतं. त्यांच्या अंगात काही उरलं नव्हतं, पण प्रफुलच्या हातावर नखं उमटली. पट्टी बांधून झाली. प्रफुल मागच्या दारी गेला, हातपंपावर तोंड धुतलं, परत धुतलं, आणि आत आला तो वेगळाच माणूस होऊन.

गोळी कुठे आहे, त्यानं रिनाला विचारलं. पेजेत टाक. त्यांना कळणार नाही.

आता तट उलटे झाले. जी सकाळपासून गोळीसाठी भांडत होती ती रिना म्हणाली, लपवून देणार नाही. शुद्धीवर असलेल्या माणसानं नको म्हटलंय, मी माझ्या हातानं त्यांना फसवणार नाही. आणि जो गोळीचं नाव काढू देत नव्हता तो प्रफुल म्हणाला की तत्त्व तू इंग्लंडात पाळ, माझा बाप इथं ओरडतो आहे. दोघांचं असं जुंपलं की आवाज वर गेले. मग दोघंही आईकडे वळले, कारण पेज शेवटी आईच पाजायची.

प्रफुलनं रिनाच्या पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून आईच्या हातात दिलं. कमलाबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. त्यांच्या मनात नव्हतं असं नाही. खोटं कशाला बोला, सकाळपासून त्यांच्या मनात तेच होतं. पेज घट्ट केली, गूळ टाकला की चव मारली जाते, इथवर विचार करून झाला होता. पण रोज संध्याकाळी दोघं मिळून वंदना म्हणत आले. देवाजींचा जबडा गेल्यापासून त्या एकट्या म्हणत आणि ते बोटं हलवून साथ देत. उद्या संध्याकाळी त्याच माणसापुढे बसून खोटं न बोलण्याचं चौथं शील कोणत्या तोंडानं म्हणायचं?

"मी फसवनार नाई त्यायले," त्या म्हणाल्या. "आनि त्यायचं अडलं कुठी आहे ते तुमाले माहीतच नाई. मले माहीत आहे."

असं म्हणून त्यांनी फोन घेतला आणि पोंभुर्ण्याला लावला. नंबर त्यांना पाठ होता. वामनराव, म्हणाल्या, तुमचा भाऊ लय तरासात आहे. मी बोलावून राह्यली, या. पलीकडून काय विचारलं गेलं ते पोरांना ऐकू आलं नाही. कमलाबाई म्हणाल्या, नाई, त्यायनं नाई बोलावलं. मीच बोलावून राह्यली.

प्रफुल आणि रिना एकमेकांकडे बघत राहिले. त्यांच्या घरात हे नाव कुणी घेत नसे.

वामनराव देवाजींचा धाकटा भाऊ. ज्या दिवशी गावच्या बायांनी शेवटचे हंडे शोधून काढले, ते सापडले ते निमगड्यांच्याच गुरांच्या कोठ्यामागे, आणि ते लावलेले होते वामननं. देवाजी मोर्च्याच्या पुढे होते. मागे सगळं गाव. त्यांनी आधी हंडे फोडले आणि मग भावाला हात धरून गावच्या आखराबाहेर नेऊन सोडलं. परत या घरात पाय ठेवू नको म्हणाले. वामन बायको घेऊन पोंभुर्ण्याला सासऱ्याकडे गेला. तिथं आणखी प्यायला, चिखलात पडला, एकदा मरता मरता वाचला आणि मग आपणहून सोडली. कधीचीच सोडली. हे देवाजींच्या कानावर गेलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, खर्रा थुंकला आणि दुसरा विषय काढला. नव्या तांदळाचं पोतं दर वर्षी पोंभुर्ण्याला जायचं, ते कोण पाठवतं हे त्यांनी कमलाबाईंना कधी विचारलं नाही, एवढाच काय तो त्यांचा मऊपणा.

उन्हं कलायच्या आत वामनराव आला, कुणाच्यातरी गाडीवर मागे बसून. वाळलेला, पांढऱ्या दाढीचा, डोक्याला दुपट्टा. अंगणाच्या कवाडाशी येऊन थांबला. आत ये म्हणायला कुणीतरी हवं होतं. कमलाबाई पुढे झाल्या, पाण्याचा गडवा दिला, आणि पाय धुताना त्याला सगळं हळूच सांगितलं. रिनानं काकाला कळत्या वयात कधी पाहिलंच नव्हतं. बापाचंच नाक त्याच्या तोंडावर बघून ती दचकली.

देवाजींनी भावाला ओळखलं ते चालण्यावरून. वामन खाटेजवळ जमिनीवर बसला. सपरीच्या दाराशी तिघं उभी होती.

देवाजींच्या डोक्यात त्या वेळी काय होतं, ते सांगायला हवं. पाप लागेल, नरकात जाऊ, असल्या गोष्टी ते कधीच मानत नव्हते. त्यांना दुखत होतं, मरणाचं दुखत होतं, रात्री तर वाटे डोकं भिंतीवर आपटून घ्यावं. गोळी समोर आली तेव्हा हात पुढे जाणारच होता. पण ज्या गोष्टीपायी सख्खा भाऊ घराबाहेर काढला, ती आपल्यावर वेळ आली म्हणून तोंडात घ्यायची? मग त्याला काढलं ते कशासाठी? याचं उत्तर त्यांना सापडत नव्हतं, आणि उत्तर नाही तोवर तोंड उघडत नव्हतं. आता तोच भाऊ पुढ्यात बसला होता. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"दादा," वामन म्हणाला, "औषध काऊन घेऊन नाई राह्यला?"

देवाजींनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. वामनला कळलं नाही. कमलाबाईंनी सांगितलं, म्हणतात, नशा आहे.

वामन हसला. चक्क हसला, आणि प्रफुलला त्याचा राग आला.

"या घरात नशा मले जेवढी माहीत, तेवढी कोनालेच नाई," वामन म्हणाला. "तू हंडे फोडले, दादा, पन तुनं घोट कधी घेतला नाई. तुले काय माहीत नशा कशी असते? मानूस पितो ना, त्याले घर नको असते. बायको नको, पोरं नको, आपलं तोंडबी नको. मी तसा होतो. तुनं काढलं ते बरोबर केलं. मी त्याच्यासाठी नाई आलो." त्यानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "तुले काय नको आहे? दुखनं नको आहे. बस. आनि खर्रा कोनत्या शिलात बसे, तेवढं सांग मले."

असं या माणसाशी कुणी बोललं नव्हतं. देवाजींच्या उरलेल्या ओठाचा कोपरा हलला. तो राग होता की आणखी काही, हे कमलाबाईंनाही ओळखता आलं नाही.

मग वामननं तोडगा काढला. म्हणाला, आधी मीच घेऊन पाहतो, मला चढली तर तू घेऊ नको. त्यानं पाकिटाकडे हात नेलाही. रिना धावत आली आणि ते हिसकावून घेतलं, काका, वेड लागलं का, ज्याला दुखत नाही त्यानं हे घ्यायचं नसतं. बरं तर, वामन म्हणाला, दुसरं करू. दादा, तू घे. मी इथून उठत नाई. प्यालेल्याचे डोळे, त्याची जीभ, त्याची मान, सगळं मले कळते. तुले चढली तर सगळ्यांच्या देखत सांगीन का देवाजी निमगडे नशेत आहे. नाई चढली तर तेबी सांगीन. मी कोनाले घाबरून सांगनारा नाई, तुले तर नाईच.

देवाजी त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी रिनाकडे बोट केलं, आणि तोंड उघडलं. जेवढं उघडत होतं तेवढं.

रिनानं गोळी कुस्करायला घेतली. इंग्लंडात शेकडोंना दिलं असेल, पण हा बाप होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं माप, थोडं पाणी, चमच्या चमच्यानं. एक थेंबही सांडला नाही. मग सगळे बसून राहिले. प्रफुल खांबाला टेकून बापाची छाती वरखाली होते की नाही तेवढंच बघत होता. आता थांबली तर आपणच मारलं, हे त्याच्या मनातून जाईना. कमलाबाई काहीतरी निवडत होत्या, पण सुपात काय आहे हे विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

वामननं आपलं काम चालू केलं. दादा, धुऱ्यावरचा आंबा कोणी लावला? बुढ्यानं, देवाजी म्हणाले, म्हणजे त्यांच्या बापानं. खोटं, मीच लावला, वामन म्हणाला. देवाजींनी भुवई चढवली आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं की तू तेव्हा चड्डीत मुतत होतास. वामननं विचारलं, मूलचा बाजार कोणत्या वारी भरतो, अंगणात कोंबड्या किती, ही पोरगी कोण. देवाजी उत्तरं देत गेले, आणि देता देता त्यांच्या ध्यानात आलं की आपण उत्तरं देतो आहोत. दोन शब्दांच्या मधे दात आवळायला लागत नव्हते. दुखणं होतं, पण ते आता कानाशी ओरडत नव्हतं, कुठंतरी दूरच्या खोलीत जाऊन बसलं होतं. किती दिवसांनी त्यांना कोंबडीचा आवाज कोंबडीसारखा ऐकू आला. चुलीवर काय शिजतंय त्याचा वास आला. खांद्याची गाठ सुटली आणि पाठ खाटेला टेकली. गेल्या कितीतरी आठवड्यांत ती टेकली नव्हती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

कमलाबाई सूप टाकून जवळ आल्या. दुखते काय, त्यांनी विचारलं. देवाजींनी मान हलवली, नाही म्हणून. सकाळचीच ती खूण, पण आता मान हलवताना त्यांचा चेहरा वाकडा झाला नाही. प्रफुल उठून अंगणात गेला आणि अँब्युलन्सवाल्याला फोन करून उद्या येऊ नको म्हणाला.

"वामन," देवाजी म्हणाले. "चढली काय मले?"

वामननं खाली वाकून भावाचे डोळे नीट पाहिले, एक, मग दुसरा. "नाई, दादा. खडूसच्या खडूसच आहेस."

"नक्की?"

"नक्की."

"मंग सगळे आयका," देवाजी म्हणाले. शब्द बोबडे होते, पण सगळ्यांना कळले. "उद्या कोनी म्हनू नये का औषधात बोल्ला. मी शुद्धीवर आहो. हे घर वामनचंबी आहे. तो आता कुठीच जाऊन नाई राह्यला."

वामननं खाटेच्या काठाला कपाळ टेकलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. देवाजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, दुपट्ट्यासकट, आणि डोळे मिटले.

मग हात घसरून खाली आला. प्रफुल दारातून धावत आला, कमलाबाईंनी पदर तोंडाला लावला. रिना वाकली, मनगट धरलं, छातीकडे बघत मनातल्या मनात श्वास मोजू लागली. तेवढ्यात देवाजींच्या नाकातून एक लांब, खरखरीत, निवांत घोरणं निघालं. मागोमाग दुसरं.

"झोपले," रिना म्हणाली. "झोपले आहेत फक्त. सगळं ठीक आहे."

कमलाबाई हसल्या आणि रडल्या, दोन्ही एकदमच. या घोरण्यानं, म्हणाल्या, साऱ्या जन्मात मले धड झोपू देल्लं नाई. मग खाटेच्या बाजूला चटई टाकली, हात उशाला घेतला, आणि वामननं तुमी पडा वयनी, मी जागा आहे म्हणायच्या आत त्यांचाही डोळा लागला.